तालमीएवढा धैर्यशील

आज वारसा समिती आमची गल्ली बघायला येणार, ह्या आनंदात मला सकाळी बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागला. सगळी गल्लीच जुनी म्हणून जपायची ठरली तर आमची तालीम वाचणार हुती. न्हाय तर तिथं बिल्डरचं कॉम्प्लेक्स! त्या लाल मातीत मी कुस्ती शिकले, आता गल्लीतल्या पोरींना शिकवते. तालीम गेली तर त्यांनी खेळायचं कुठं, पार्किंगमध्ये?

कोपऱ्यावर वळले आणि बघते तर काय, तालीमच न्हाय!

कोरीव खांब, लाकडी सज्जा, मारुतीचा कोनाडा, सगळं झाकलेलं. वर एवढा थोरला फ्लेक्स : 'वारसा समितीचे सहर्ष स्वागत!' आणि त्याच्यावर गॉगल लावून माझा भाऊ धैर्यशील, मंडळाचा अध्यक्ष.

"अरं मुडद्या, हे काय केलंस?" खाली शिडीपाशी उभ्या धैर्यशीलवर मी वरडले.

"पावणं येणार, स्वागत नको व्हय?"

"आणि पावण्यांनी बघायचं काय? तुझा गॉगल?"

त्याचं तोंड खर्रकन उतरलं. तेवढ्यात गाडी आलीच. समितीच्या निशिगंधा मॅडम उतरल्या, वर बघितलं, आजूबाजूला बघितलं.

"तालीम कुठाय?"

धैर्यशील सरसर शिडीवर चढला. दोरीच्या गाठी काय सुटंनात. "कोयता द्या रं!" म्हणून वरडला. नारळ सोलायला आणलेला कोयता घेतला आणि घातला थेट स्वतःच्या गॉगलवर. फ्लेक्स टर्रकन फाटला की! कोवळ्या उन्हात आमचा सज्जा असा काय दिसला, आईशप्पथ, मला रडूच फुटलं. पोरींनी शिट्ट्या मारल्या.

मॅडमनी खांबावरनं हात फिरवला. "गल्ली यादीत घ्या, असं मी लिहिणार. पण मग इथं फ्लेक्स लावता येणार नाही. कुणाचाच."

सगळी गल्ली धैर्यशीलकडं बघाय लागली. रविवारी त्याचा वाढदिवस, गल्लीभर लावायचे फ्लेक्स छापून तयार. त्यानं एकदा फाटक्या गॉगलकडं बघितलं, एकदा तालमीकडं.

"चालतंय की! लिवा मॅडम."

"आणि छापलेले रं?" मी विचारलं.

"तुझ्या पोरींची माती झाकायला घे. पर माझं तोंड वर ठेव, काय?"

मी त्याला भर गल्लीत खांद्यावर उचलला.