कधीच न तापणारी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे आणि खरं सांगते, आता थकले आहे. कारखान्यातून आले तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा छोटा संगणक माझ्या पोटात होता. चष्म्यांचं दुकान चालवणारे बाबा मला घेऊन आले. काचा पुसायच्या मऊ फडक्याने ते मला पुसत.

एकदा लांबच्या चढावर माझं इंजिन तापलं. बॉनेटखालून वाफ उसळली आणि मागे बसलेली बाबांची छोटी लेक घाबरून रडू लागली. बाबांनी ते फार मनाला लावून घेतलं. इंजिन पुरतं गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारी एक झडप माझ्यात होती. तिच्यामुळेच गाडी तापली असं ठरवून बाबांनी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली. तेव्हापासून गार पाणी सतत फिरू लागलं, इंजिन पुरतं गरम होईना आणि तापमानाचा काटा तळाशीच पडून राहिला. आमची गाडी कधी तापत नाही, असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगत.

संगणकाला मात्र वाटे, ही अजून गारठलेलीच आहे. तो बिचारा मला जास्तीचं पेट्रोल पाजत राही. मी पीत राहिले आणि अंगाला काही लागेना. धूर काळा झाला, माझं नाव 'खादाड' पडलं. मेकॅनिकने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर साफ केले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे बाबांचे गुडघे गेले. पायी चालवेना, पण मला चालवता येई, म्हणून दुकान उघडं होतं. मोठी झालेली लेक खर्चाला कंटाळून म्हणाली, हिला भंगारात देऊ या. बाबा नुसतं स्टिअरिंगवरून हात फिरवत बसले.

शेवटचं म्हणून मला मेकॅनिककडे नेलं. लेक शाल गुंडाळून उतरली आणि कुरकुरली, "हिचा हीटर म्हणजे नुसती गार फुंकर. इतक्या लांबून आलो, पाय बर्फ झालेत."

मेकॅनिक थबकला. त्याने काटा पाहिला, पाण्याच्या नळीला हात लावला आणि झडप कोणी काढली ते विचारलं.

"मी," बाबा खाली बघत म्हणाले. "ही रडली होती ना, तेव्हा."

मग लेकीनेच नवी झडप बसवायला सांगितलं.

परतताना काटा हळूहळू वर सरकू लागला. बाबांनी घाईने मला कडेला घेतलं आणि त्यांचा हात किल्लीकडे गेला. लेकीने तो हात धरला.

"राहू द्या, बाबा. एवढी ऊब लागतेच तिला."

काटा मध्यावर येऊन थांबला. मित्रांनो, जीव जरूर लावा, पण ज्याला लावता त्याला काय हवंय तेही विचारत जा. माझा थकवा काही गेलेला नाही. उद्या मात्र दुकानात जायचं आहे. घर येण्याआधीच लेकीने शाल काढून मागच्या सीटवर ठेवली.