चावीचा ठसा

"सात-ए, चार-डी, नऊ-नऊ..."

फोनवर पलीकडचे दादा वाचत होते. कुलूपबाईंची पेन्सिल पडद्यावरच्या पहिल्याच जोडीपाशी अडली.

"थांबा दादा. पहिल्यापासून सांगा."

"सात-ए, चार-डी. का हो ताई?"

"जुळत नाही."

विमान एका देशाच्या आकाशातून दुसऱ्याच्या आकाशात शिरण्याआधी त्याची खबर यंत्रामार्फत पुढे जाते. कुठलं विमान, किती उंचीवर, हद्दीवर किती वाजता. ही खबर शेजाऱ्यानेच धाडली की कुणा लबाडाने, ते यंत्राला कळावं म्हणून दोन्ही केंद्रांनी एकमेकांना चावी दिलेली असते. हातात न येणारी, नुसत्या आकड्याअक्षरांची. वर्षातून एकदा ती बदलायची. नवी चावी मेलने यायची. तिचा ठसा, म्हणजे त्या चावीवरून यंत्राने काढलेली बत्तीस जोड्यांची खूण, मात्र तोंडी पडताळायचा, तोही वहीतल्या नंबरावर आपण फोन लावून. अकरा वर्षं बाई हेच करत होत्या, म्हणून सारं केंद्र त्यांना कुलूपबाई म्हणे. सीमेपलीकडच्या केंद्रातले दादा त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण त्यांच्या गुडघेदुखीपासून नातीच्या बारशापर्यंत सगळं त्यांना ठाऊक होतं.

जुनी चावी चारला संपणार होती. साडेतीन होत आले होते.

"असं करू," दादा म्हणाले, "तुमच्याकडे काय दिसतंय ते तुम्ही वाचा. मी हो म्हणतो."

"वा! मी विचारायचं, मीच उत्तर द्यायचं आणि तुम्ही मान डोलवायची? असली परीक्षा तर मीही पहिल्या नंबरानं पास होईन."

तेवढ्यात साहेब आत आले. "झालं का?"

"ठसा जुळत नाही, साहेब."

"आवाज त्यांचाच आहे ना?"

"त्यांचाच. नुसते शिंकले तरी ओळखेन."

"मग घोडं कुठं अडलंय? चारनंतर नियंत्रणकक्षातल्या पोरांना एकेक विमान फोनवर तोंडी विचारत बसावं लागेल. विमानं खोळंबतील. वरून विचारलं तर कुणाचं नाव सांगू?"

"माझं सांगा."

बोलून तर गेल्या. नोकरीची दोन वर्षं उरलेली, आणि आजवर नावावर एक ठपका नाही. देवा, हा माझा हेका असेल तर मोडून टाक. नेम असेल तर तेवढा हात धर, असं त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

दादांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा आवाज चढला. "ताई, अकरा वर्षांत एकदा तरी खोटं बोललोय मी?"

"कधीच नाही. तुमच्यावर माझा काडीचा संशय नाही हो. पण माणूस खरा म्हणून त्याच्या हातातलं सगळंच खरं, असं थोडंच असतं? एवढं ऐका माझं. धाडलेली फाइल कुठून उचललीत, तेवढं बघा."

पलीकडे खुर्ची करकरली. मग बराच वेळ नुसता कळफलकाचा आवाज. साहेब घड्याळाकडे बघत उभे होते. बाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

"ताई..."

"बोला."

"शिकाऊंच्या खोलीतली चावी धाडली हो मी. दोन्ही आज सकाळीच बनवल्या. ठशाचा कागद हातात खऱ्या चावीचा, आणि फाइल तिकडची."

साहेबांनी शेजारची खुर्ची ओढली आणि ते बसले. शिकाऊंच्या खोलीत नवी मुलं दिवसभर लटकी विमानं उडवतात, सरावासाठी मुद्दाम एकमेकांवर आणतात. ती चावी इथं लागली असती तर आपल्या यंत्रानं तिकडची खबर खरी मानली असती, ती लटकी विमानं आपल्या पडद्यावर येऊन खऱ्यांच्या रांगेत बसली असती, आणि आपल्या पोरांनी त्यांना चुकवायला खरी माणसं भरलेली विमानं वळवली असती.

"पाठवा खरी," बाई म्हणाल्या. "आणि सावकाश वाचा. घाई आता साहेबांनासुद्धा नाही."



बत्तीस जोड्या. दादा वाचत गेले, पेन्सिल पुढे सरकत गेली. शेवटची जोडी जुळली तशी बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बारा मिनिटं उरली असताना नवी चावी लागली.

"मान वाचवलीत ताई माझी," दादा म्हणाले. "मघाशी आवाज चढवला, मनात ठेवू नका."

"भावाचा आवाज चढला तर बहीण मनात ठेवते होय? जा, आधी घोटभर पाणी प्या."

चार वाजता बाई नियंत्रणकक्षाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत अंधूक प्रकाशात चौघं आपापल्या पडद्यांपुढे बसले होते. हद्दीवरून एक ठिपका आत सरकला, त्यामागून दुसरा. एकेकाची खबर आधीच येऊन बसलेली. कुणी फोन उचलला नाही. कुणी काही विचारलं नाही.

"कोण आहे दारात?" त्यांच्यातला एक मान न वळवता खेकसला. "दार लावा की! उजेड येतोय पडद्यावर."

"लावते, बाबा," बाई म्हणाल्या, आणि आवाज होऊ न देता त्यांनी दार ओढून घेतलं.