सुतासाठी केलेली सही

धंतोलीतल्या शांतिकुंज या मनोरुग्णांच्या आरामगृहाला जागेश्वर बारापात्रे पहिले चार दिवस विणकरांची सोसायटी समजत होता. यात त्याची फारशी चूक नव्हती. टेबल तसंच होतं, टेबलामागचा कारकून तसाच कावलेला होता, आणि फॉर्म तर हुबेहूब तसाच, म्हणजे वाचताच येऊ नये इतका बारीक. साल चौऱ्याहत्तर होतं आणि जागेश्वरची हातमागावर पस्तीस वर्षं गेली होती. सोसायटीची रीत त्याला पाठ होती: आधी सही, मग सूत. फॉर्म वाचत बसणाऱ्याचा नंबर येईपर्यंत गोदाम बंद होतं. त्यामुळे मुलानं, महादेवरावानं, "बाबा, सही करा, सोसायटीचंच काम आहे," म्हटल्याबरोबर त्यानं झोकात सही ठोकली. मग बाबूलाल नावाच्या वॉर्डबॉयनं त्याला आत नेलं आणि बाहेरून कडी लावली.

गोदामाले कडी पाहिजेच, जागेश्वर मनात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाराच्या फटीतून विचारलं, "काहून गा, सूत कधी भेटंल?"

बाबूलालनं वहीत लिहिलं, 'पेशंट सूत मागतो.' तिसऱ्या दिवशीही लिहिलं. मार्तंड डॉक्टरांनी वही वाचली, चष्मा काढून पुसला, आणि या माणसापासून याच्याच जिवाला धोका आहे असं ठरवलं. लगेच जागेश्वरचं धोतर काढून घेतलं. बदल्यात पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा मिळाला, पण नाडा काढलेला. तेव्हापासून त्याचा एक हात कायम कंबरेवर.

"गळ्याले लावसान म्हून काढला, बाबाजी," बाबूलालनं समजावलं.

"कंबरेची वस्तू गळ्याले काहून लावू गा?"

बाबूलालनं लिहिलं, 'पेशंट गळ्याची चौकशी करतो.'

पाचव्या दिवशी महादेवराव भेटायला आला आणि त्यानं खरं सांगून टाकलं. खरं असं होतं: माग विकल्यापासून जागेश्वर प्रताप नगरच्या घरी ओट्यावर बसून हवेत विणायचा. पाय खालीवर, उजवा हात झटक्यात. रोजचं दीड हात पातळ निघत असेल. शेजारचे लोक बघायला थांबत. तेवढ्यात नातीला, सुभद्राला, पाहायला पाहुणे येणार असं ठरलं.

"आठच दिवस, बाबा. पाहुणे जाऊ द्या."

"मंग मले काटोलले बहिणीकडं धाडलं असतं."

"पाहायला येणारं पोरगं तिथलंच तर आहे!"

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, मुलगी पसंत पडली. आता ते तारीख काढायला येणार होते. म्हणजे आठ दिवसांचे लग्नापर्यंत झाले. जागेश्वरला घरी जायचं होतं, पण कोणाला सांगायचं हेच त्याला कळेना. डॉक्टर म्हणत, घरच्यांना विचारा. घरचा माणूस म्हणे, डॉक्टरांना विचारा.

अकराव्या दिवशी निरीक्षक आले. कोणाला उगाच कोंडून तर ठेवलं नाही ना, हे बघायला कायद्यानं महिन्यातून एकदा त्यांनी यायचं असतं. त्या दिवशी शांतिकुंजात एक जादा कुलूप लागायचं. मागे एकदा दोन पेशंट निरीक्षकांबरोबर बाहेर पडले होते आणि एक निरीक्षक आतच राहिला होता.

निरीक्षक म्हणून आलेले निवृत्त जज्ज देवराव खुर्चीवर बसले. डबा घेऊन आलेला महादेवरावही शेजारी उभा होता.

"तुम्ही इथं स्वखुशीनं आलात?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"मले काय मालूम? कागदाले विचारा."

कागदावर 'स्वखुशीने' असं होतं आणि त्याखाली जागेश्वरची सही होती. त्याखाली निरीक्षकाची संमती होती, देवरावांच्याच सहीची. ते तिच्याकडे दुसऱ्याच्या कारट्याकडे बघावं तसं बघत राहिले.

"मी यांना कधी भेटलो?"

"आपण पचमढीला जाताना पंचवीस कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गेला होतात," मार्तंड डॉक्टर अदबीनं म्हणाले. "हा सतरावा."

जज्जसाहेब खोकले. "असो. आपण स्वखुशीनं आलात, तर जाऊही शकता. 'मला जायचं आहे' असं लिहून सही करा. चोवीस तासांत सोडावंच लागतं."

"यांना टोकदार वस्तू देत नाही, साहेब," डॉक्टर म्हणाले.

जज्जसाहेबांनी स्वतःचं पेन काढलं, अर्जही स्वतःच लिहिला. जागेश्वरनं मोकळा हात पाठीमागं नेला.

"नाही. एका सहीत अकरा दिवस गेले. आधी दार उघडा, मंग सही."

"आधी सही, असा कायदा आहे."

"हे बी सोसायटीच हाये मंग!"

डॉक्टर खूश झाले. "बघा साहेब. जायची इच्छाच नाही."

जज्जसाहेब पेन धरून बसले. हा माणूस सही करत नाही तोवर स्वखुशीनं राहिलेला, आणि दार उघडत नाही तोवर सही करत नाही. कुठंच वाट दिसेना. महादेवरावाला मात्र वाटलं, आता एक धक्का दिला की लग्नापर्यंतची सोय पक्की.

"साहेब, त्याईले काही समजतच नाही. त्या दिवशी बी नव्हतं समजलं. सोसायटीचा फॉर्म आहे असं मी सांगितलं म्हून तर सही केली त्याईनं!"

"पुन्हा सांगा," जज्जसाहेब म्हणाले.

महादेवरावानं पुन्हा, अधिक ठासून सांगितलं.

"म्हणजे हे स्वखुशीनं आलेले नाहीत. मग कोंडून ठेवायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम आहे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग कायद्यानं हे इथं नाहीतच."

"पण समोर बसलेत ना, साहेब."

"नाहीत."

"नसलेल्या माणसाला डिस्चार्ज कसा देऊ?"

"देऊ नका. दार उघडा."

बाबूलालनं डॉक्टरांकडे पाहिलं, जज्जसाहेबांकडे पाहिलं, आणि दोन्ही कुलपं काढली. मग धोतर आणून दिलं. नेसता नेसता जागेश्वरनं हळूच विचारलं, "बाबूलाल, मी आहो का नाही गा?"

"कागदावर नाही, बाबाजी. बाकी दिसून राहिले."

रस्त्यावर ऊन होतं. महादेवराव मागून धावत आला. "बाबा, थांबा. रिक्षा करतो. घरी जाऊ."

"पाहुणे कधी येऊन राहिले?"

"रविवारी."

"मंग रविवारी मी कुठी बसू?"

महादेवराव डब्याच्या कडीशी चाळा करत राहिला. जागेश्वर प्रताप नगरकडे पाठ करून चालायला लागला.

"बाबा, तिकडं कुठी चालले?"

"मले बी अजून मालूम नाही," जागेश्वर न थांबता म्हणाला.

महादेवराव डबा घेऊन दहा पावलं मागून चालत राहिला. सही न घेता वडिलांना थांबवायचं कसं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.