पंपाच्या खड्ड्यावर

पियानेत नावाच्या डोंगरी गावात माणसं तीनशे, पण फेब्रुवारीत बर्फावर घसरायला येणारे पाहुणे दोन हजार. त्या सगळ्यांचं मैलापाणी नदीकाठच्या केंद्रात यायचं आणि तिथे माणसं दोनच होती: दुइलियो आणि त्याच्या हाताखाली काम शिकलेली ओन्दीना.

त्या रविवारी सकाळी हॉटेलाखालचा पंप तुंबला. काळं पाणी बर्फावरून थेट नदीकडे निघालं.

"पाहुण्यांना बर्फ पांढरा लागतो, पोरी," पंपाच्या खड्ड्याचं झाकण उचलता उचलता दुइलियो म्हणाला. "बाकीचं सगळं आपल्याला."

"थांबा हं. गॅस मोजायचा मीटर आणते, हवा खेळवायला पंखा लावते, मग उतरा."

"आण, आण. तुझा पंखा लागेपर्यंत नदी काळी होईल."

ती गाडीपाशी गेली. मीटर पेटीत तळाशी होता, तो काढायला मिनिटभर लागलं असेल. परतली तर दुइलियो दिसेना. खड्ड्यात डोकावली. चार मीटर खाली तो भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर पडलेली. एका हातात पंपातून ओढलेल्या चिंध्या तशाच.

"दुइलियो! अहो दुइलियो!"

हातातला मीटर किंचाळायला लागला. सडक्या अंड्यांचा वास आला आणि लगेच गेला. वास जातो म्हणजे गॅसने नाक बधिर केलं, तेव्हाच खरं भ्यायचं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. तिने खालच्या गावच्या अग्निशामक दलाला फोन केला, पंखा सुरू करून त्याचा पाइप आत सोडला. रस्त्यावर बर्फ होता, बंब यायला पंचवीस मिनिटं लागणार होती.

तेवढ्यात हॉटेलाकडून इव्हो धावत आला. दुइलियोचा धाकटा भाऊ. आरडाओरडा त्याने ऐकला होता.

"बाजूला हो!"

"इव्हो, आत गॅस आहे. दोन श्वासांत पडशील."

"माझा भाऊ आहे तो!"

ती शिडीच्या तोंडावर बसली आणि दोन्ही हातांनी शिडीचे दांडे आवळले. त्याने तिचे केस धरून ओढलं, बरगडीत लाथ घातली. ती हलली नाही. त्याने दांड्यावरची बोटं उचकटायला घेतली तेव्हा ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

"भित्रट! स्वतः उतरत नाहीस आणि मलाही उतरू देत नाहीस!"

"नाही देणार," ती म्हणाली. ती रडत होती.

खालून एक आवाज आला. घरघर होती की पाण्याचा बुडबुडा, तिला कळलं नाही. इव्हो थिजला, मग दुप्पट जोराने तुटून पडला. बंबवाले आले तेव्हा दोघांच्याही तोंडाला रक्त होतं. पाठीवर हवेच्या टाक्या बांधून दोघे जण उतरले आणि दोरीने दुइलियोला वर घेतलं. चेहरा निळा पडला होता.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या दोन मिनिटांतच गेला. ओन्दीनाने त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं, पण तो आवाज तिच्या कानातून गेला नाही.

गावाने डॉक्टरांचं ऐकलं नाही. बेकरीत ती शिरली की बोलणं थांबायचं. जिवंत माणसाच्या सुटकेची वाट अडवून बसली, असं लोक म्हणत. चर्चमधल्या अंत्यविधीत इव्होने तिला शवपेटीजवळ येऊ दिलं नाही, तेव्हा ती चर्चच्या मागच्या भिंतीशी उभी राहिली. बाहेर पडताना इव्होची बायको नोर्मा नवऱ्याची पाठ वळायची वाट पाहत रेंगाळली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती.

"मी ह्यांच्यासमोर बोलणार नाही," ती हलकेच म्हणाली, "पण हे अजून संध्याकाळी जेवायला घरी असतात. ते मला दिसतं."

आणि ती झपाझप निघून गेली.

पुढच्या सोमवारी खालच्या गावातून एक नवा माणूस मदतीला आला. ओन्दीनाने आधी पंखा लावला, मीटर दोरीने खाली सोडला आणि आकडा शून्यावर येईस्तोवर त्याला झाकणापासून दहा पावलं लांब उभं केलं. मग कमरेला दोरी बांधून ती स्वतः त्याच खड्ड्यात उतरली. पंपात अडकलेल्या बाकीच्या चिंध्या अजून तिथेच होत्या.