चिरलेला गोठ

जुनं लुगडं फाडताना ते आधी कुरकुरतं, मग मुकाट्यानं सरळ फाटत जातं.

लोखंडी गजातलं चुंबकत्व मागंपुढं होऊ लागलं, की गजाभोवतीच्या जागेत एक ढकल गोल गोल फिरू लागते. तिथं चांदी असो, तांबं असो, नाहीतर काहीच नसो. ढकल असतेच. धातू तिला फक्त वाट देतो.

कल्याणचा सोनार म्हणाला, "अहो बाई, लोक सांधायला आणतात. तुम्ही कापायला?"

पितळी पाटी. चार स्क्रू. पाटीवर कोरलंय: गुरुदत्त यंत्र.

आता हे सगळं एका जागी आणू. डोंबिवली, १९५४, गणपतीचा मांडव. व्यासपीठावर व्याख्याता गुरुदत्त, त्याच्यापुढं तारेची जाड गुंडाळी आणि तिच्यातून वर आलेला लोखंडी गज. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मंदाकिनी. वय तीस, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, लग्न झालेलं नाही.

गुंडाळी तिची होती. विठ्ठलवाडीकडच्या लष्करी भंगारातून तिनं तार आणली. तारेवरचं सुती वेष्टण कुजलेलं, म्हणून आईचं लुगडं फाडून, पट्ट्या रोगणात बुडवून, तिनं प्रत्येक थरामध्ये घातल्या. बोटं महिनाभर चिकट होती. शेजारचा गुरुदत्त तेव्हा पाटावर बसून चहा प्यायचा आणि न बघताच म्हणायचा, "वा!" मग त्यानं ठाण्याच्या प्रदर्शनासाठी ती दोन दिवस मागून नेली. परत आली ती आज, व्यासपीठावर, काळ्या फितीत गुंडाळलेली. व्याख्यान संपलं की मंडळाचे अध्यक्ष भाऊ तिच्यावर पाटी ठोकणार आणि ती नव्या शाळेला भेट म्हणून देणार. मग ती कायमची त्याच्या नावाची.

मंदाकिनीला त्याची सवय ठाऊक होती. शेवटी तो बायकांकडं वळायचा आणि चांदीचा गोठ मागायचा. गजावर ती भरीव बांगडी चढवून बटण दाबलं, की ती उडायची. टाळ्या तिथंच पडायच्या.

"कोण देतंय गोठ? घाबरू नका, परत देईन!"

'तुझं परत देणं मला माहीत आहे,' असं मनात म्हणत तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला.

तिचा गोठ नक्षीदार. नक्षीतच केसाएवढी चीर, चिरेत लाख. गुरुदत्तनं तो गजावर चढवला, बटण दाबलं. गुंडाळी गुणगुणली. गोठ तसाच. पुन्हा दाबलं. तसाच. मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, उपास आहे का त्याला?"

गुरुदत्तनं तारांची टोकं चाचपून पाहिली. मग तो हसला.

"मंडळी, कुमारिकेचा गोठ आहे! तिचंच कुठं जमलं नाही, तो बिचारा कसा उडणार?"

मांडव खदखदून हसला. भाऊसुद्धा हसले.

मंदाकिनी उठली. व्यासपीठावर चढली आणि तिनं दुसऱ्या हातातला जोडीचा गोठ काढून गजावर चढवला. बटण तिनंच दाबलं. गोठ सणकन वर गेला, मांडवाच्या कापडावर आपटला आणि भाऊंच्या पायाशी पडला.

"हाही कुमारिकेचाच," ती म्हणाली.

मग तिनं पहिल्या गोठातली लाख टाचणीनं उकरली आणि चीर दिव्यापुढं धरली. "हा मी कापून आणलाय. ढकल यातही होती. या फटीतल्या रिकाम्या जागेतही होती. फक्त वाट तुटलेली, म्हणून प्रवाह फिरला नाही. प्रवाह नाही तर उडी नाही. यांना हे सांगता आलं नाही, म्हणून यांनी माझ्या लग्नाचा विषय काढला."

"ही लबाडी आहे, भाऊ!" गुरुदत्त ओरडला.

"आहेच. तुमच्याकडूनच शिकले." ती भाऊंकडं वळली. "ती फीत सोडा. पण त्याआधी यांना विचारा, आत थरांमध्ये काय आहे? यांनीच बनवली ना?"

भाऊंनी चष्म्यावरून पाहिलं. "सांगा, गुरुदत्तराव."

"कागद," गुरुदत्त म्हणाला. मग घाईनं, "मेणकागद."

भाऊंनी फीत उलगडली. वरच्या वेढ्यांखालून कापडाचं टोक डोकावत होतं. रोगणानं कडक झालेलं, तरी हिरवं, मोरपंखी काठाचं.

"माझ्या आईचं लुगडं," मंदाकिनी म्हणाली.

भाऊंनी पितळी पाटी उचलली आणि कोटाच्या खिशात टाकली. गुरुदत्तची बायको मुलाला कडेवर घेऊन मांडवाबाहेर पडली. तिचा चेहरा पाहून आपल्याला वाईट वाटेल, असं मंदाकिनीला वाटलं होतं. वाटलं नाही. तिनं दोन्ही गोठ हातात चढवले, चिरलेला आधी. एका बाजूनं भाऊंनी, दुसऱ्या बाजूनं तिनं धरून गुंडाळी टांग्यात ठेवली.

उरलेल्या लुगड्याची तिच्या आईनं गोधडी शिवली होती आणि प्रदर्शनाच्या वेळी ठाण्याच्या खोलीवर थंडी वाजू नये म्हणून गुरुदत्तला दिली होती. तोच मोरपंखी काठ पांघरून तो झोपला होता.