लाल शाई न लागलेला रकाना

मित्रांनो, शाळेच्या लोखंडी कपाटात सगळ्यांत खाली, पाठ उसवलेले जे जाडजूड रजिस्टर पडले आहे ना, ते मी. मला दाखल-खारीज म्हणतात. मूल शाळेत आले की निळ्या शाईने माझ्यात नाव चढते. ते शाळा सोडून गेले की शेवटच्या रकान्यात लाल शाईने कारण पडते. औशाकडच्या या गावात सगळ्यांची जन्मतारीख मलाच ठाऊक, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात असे.

भूकंप झाला आणि तोरा मातीत गेला. दोन दिवसांनी अण्णाराव गुरुजींनी हातांनी दगड उपसून मला बाहेर काढले, खांद्यावरच्या टॉवेलात बांधले. पहिलीच्या पानावर अकरा नावांपुढे त्यांना लाल शाईने 'मयत' लिहावे लागले. ती शाई मला अजून जड वाटते.

त्याच पानावर वर्षाराणी होती. तिचे वडील भूकंपात गेले, घरही गेले. तिची आई केवळाबाई लेकीला घेऊन बीदरला भावाकडे निघाली. गुरुजी पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सोडल्याचा दाखला लिहायला बसले.

"दाखला नगं, गुरुजी," ती म्हणाली. "लाल शाई लागली म्हंजे गाव सुटलं. म्या पोट भराया चाललेय, गाव सोडून न्हाई."

"केवळाबाई, दाखल्याबिगर तिकडची शाळा लेकराला घेईल का?"

"ते म्या बघते. तुमी फकस्त तिचं नाव ऱ्हाऊ द्या."

नियमात न बसणारी गोष्ट. पण गुरुजींनी लाल पेनाला टोपण लावले.

सात वर्षे ती बीदरला राबली. तरी मत द्यायला दर वेळी एसटीने इथेच यायची. भूकंपानंतर नव्या वसाहतीत मिळालेले घर झाडून, कुलूप लावून किल्ली गुरुजींकडे ठेवायची. मग लेकीला घेऊन खरोखरच परतली. वर्षाराणी औशात दहावी झाली आणि बारावीला लातूरच्या क्लासला गेली. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या झळकत होत्या. पोरीने रात्रीचा दिवस केला आणि नांदेडला डॉक्टरकीला नंबर लागला! आता फक्त अधिवासाचा दाखला हवा होता, तोही सोमवारच्या आत. नाहीतर जागा दुसऱ्याला.

शुक्रवारी केवळाबाई रडतच शाळेत आली. "लई वर्षं कर्नाटकात होता, दाखला मिळनार न्हाई म्हनतेत कचेरीत. आमी भारताचे न्हाई का, गुरुजी?"

मला कधी शाळेबाहेर नेत नाहीत. त्या दिवशी गुरुजींनी स्वतः मला टॉवेलात बांधले आणि तालुक्याची एसटी पकडली.

तहसीलदार सौदामिनीबाईंनी माझे पान निरखून पाहिले. नाव बाराव्या ओळीत, शेवटचा रकाना कोरा. गुरुजींनी तो कोरा का, ते सांगितले. बाईंनी कारकुनाला बोलावले.

"बीदरला गेल्यानं यांचं राष्ट्रीयत्व बदललं का? नाही. या कोणत्या राष्ट्राच्या, एवढंच ते सांगतं. नागरिकत्वही तसंच राहिलं, मताचा हक्क त्यातूनच येतो. बदलला तो रहिवास, म्हणजे त्या वेळी राहायचं ठिकाण. अधिवासाचं तसं नसतं. कायमचं घर कोणतं आणि परत यायचा इरादा कुठला, ते पाहावं लागतं."

"पण बाई, इरादा दिसावा कसा?" कारकुनाने विचारले.

बाईंनी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले. मग मतदारयादी मागवली, घराचे कागद पाहिले. संध्याकाळी सही झाली. मित्रांनो, लिहिलेले तेवढेच खरे, असे मी जन्मभर मानत आले होते. त्या दिवशी केवळाबाईपुढे मी मनोमन हात जोडले.

आता गावच्या दवाखान्यात डॉक्टर वर्षाराणीच बसतात. परवा मुलांची तपासणी करायला त्या शाळेत आल्या, तेव्हा नवे गुरुजी माझ्यातल्या अपुऱ्या नोंदी पुऱ्या करत होते. बाराव्या ओळीशी त्यांचे लाल पेन आले.

"नगं, गुरुजी," डॉक्टरीणबाई थेट आईच्या आवाजात म्हणाल्या. "म्या अजून गाव सोडलं न्हाई."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या रजिस्टरांना कसर लागू देऊ नका, वर्षातून एकदा ऊन दाखवा. रद्दीवाला दारात आला तर आधी आमची पाने उघडून पाहा. कुणीतरी परत यायचे म्हणून आपले नाव तिथे ठेवून गेलेले असते.