कोयत्याची सवय

एलेउतेरिओच्या कोकोच्या बागेसारखी स्वच्छ बाग त्या अख्ख्या उतारावर नव्हती, आणि आता तीच स्वच्छता त्याच्या मुळावर आली होती. गवत नाही, वेल नाही, इमारती लाकडाच्या लॉरेलचं मोठं झाड तर औषधालाही नाही.

लॉरेल कापायला त्या गावात कुणाला शिकवावं लागत नसे. वाऱ्याबरोबर बी यायचं, रोप गुडघ्याएवढं झालं की कोयत्याचा एक फटका. वाढू दिलं तर झाड सरकारचं व्हायचं. जमीन आपली, राखण आपली, आणि मालक सरकार! एलेउतेरिओच्या बापाने घराच्या दारासाठी एक तोडलं, तर पोलिसांनी त्याला कोठडीत नेऊन बसवलं. त्यानंतर लेकाने एक रोप म्हणून जगू दिलं नाही.

शेजारचा कासिमिरो, एलेउतेरिओच्या मुलीचा धर्मबाप आणि म्हणून त्याचा कोम्पाद्रे, मात्र जन्माचा आळशी. "कोम्पाद्रे, तुझ्या बागेत सापसुद्धा वाट विचारत फिरतात," असं एलेउतेरिओ त्याला चिडवायचा. मग कायदा बदलला. झाड ज्याच्या जमिनीत, त्याचंच. नोंद करा, वाढवा, विका. कासिमिरोने आपल्या रानातली मोठी लॉरेलं विकली, घरावर नवे पत्रे घातले आणि यंदा डोंगरावर कॉफी तोडायला येत नाही म्हणून सांगून मोकळा झाला. आळशी मेला! एलेउतेरिओला राग आला, पण रागावण्याइतकीही ताकद आता उरली नव्हती.

तो आणि त्याची बायको एर्मेलिंदा दरवर्षी वर जायचे. परक्याच्या मळ्यात कॉफी तोडायची, ओल्या खोपटात झोपायचं. गेल्या वर्षी एर्मेलिंदा कमरेला टोपली बांधलेली असतानाच घसरली. तेव्हापासून तिचा गुडघा धड वाकत नाही, वाकला तर उठत नाही.

झाडांच्या खात्यातली इंजिनीयरबाई येऊन सांगून गेली होती. "एलेउतेरिओकाका, यंदा आपोआप आलेली रोपं राखा. कॉफीचा हंगाम लागायच्या आधी मी बघायला येईन. निम्म्या बागेत तरी उभी दिसली, तर झाडं मोठी होईपर्यंत दरवर्षी मदत मिळेल. मग वर कशाला जाताय?"

"आणि झाडं विकायची कधी?"

"पंधरा-वीस वर्षांनी."

"तोवर मी त्याच फळ्यांच्या पेटीत झोपलेलो असेन, बाई."

तरी त्याने मनावर घेतलं. पावसाने वेल माजले होते, कोको गुदमरायला लागला होता, भांगलण टाळता येत नव्हती. सकाळी तो वरच्या अंगाने कोयता चालवत निघाला. अर्धी बाग झाल्यावर कंबर सरळ करायला थांबला आणि मागे वळून बघितलं. गवतात लॉरेलची रोपं आडवी पडली होती. सगळी. त्याला एकही कापल्याचं आठवेना.

एर्मेलिंदा घेवडा आणि मक्याच्या तोर्तिया घेऊन आली, तेव्हा तो तिथेच बसला होता.

"म्हाताऱ्या, हे काय करून ठेवलंस?"

"मी नाही केलं गं. हाताने केलं."

"हात काय शेजाऱ्याचा आहे?"

"थकलो मी. जन्मभर जे केलं तेच झालं. जा, टोपल्या काढून ठेव. जाऊ वरच."

"मी नाही जाणार. मेले तरी नाही."

ती रडत नव्हती, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. तो उठला आणि खालच्या अर्ध्या बागेत शिरला. दोन फटके जपून मारले. तिसऱ्याला कोयता आपला आपणच उचलला गेला, आणि खाली बघतो तर एर्मेलिंदा दुखरा गुडघा घेऊन भुईवर बसलेली, दोन्ही तळव्यांत एक रोप धरून.

"हात काढ, वेडे! बोटं जातील."

"जाऊ देत. रोपाची पर्वा नाही, बोटांची तरी कर."

त्याने शिव्या दिल्या. ती ढिम्म. त्याने बाजूचं गवत कापलं, ती बसल्या बसल्या पुढच्या रोपाकडे सरकली. दुपार अशीच गेली, ती पुढे सरकतेय आणि तो मागून हळूहळू कापतोय.

खालच्या कुंपणाशी पोचले तेव्हा मागे गवत आडवं होतं आणि रोपं उभी होती.

"आता गुडघा काही उठत नाही," एर्मेलिंदा म्हणाली.

त्याने कोयता तिथेच जमिनीत रोवला आणि तिला उठवायला दोन्ही हात पुढे केले.